उभ्या झाडांचं भाडं

टिण्... टिण्... टिण्...

मामंजी चहा ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती, वाफही उरली नव्हती, तरी चमचा कपात फिरत होता आणि कडेला लागून वाजत होता. घरात दुसरा आवाज नव्हता. धाकटी सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. हातातलं फडकं तिने इतक्या वेळा पिळलं होतं की त्यातून आता थेंबही निघेना. पाच वर्षांची मुंगी टेबलाखाली बसून आजोबांच्या पायाच्या बोटांशी खेळत होती. आणि दाराजवळच्या खुर्चीत मापवाल्या बाई आपलं सगळं बोलून झाल्यावर, उत्तराची वाट बघत, चपलेवरचा वाळका चिखल न्याहाळत होत्या.

मापवाल्या बाई म्हणजे खारफुटीच्या प्रकल्पाच्या बाई. हातात कायम एक रंगीत पट्ट्यांची काठी. खाडीच्या चिखलात रोवायची, पाणी कुठवर चढलं ते वाचायचं आणि पुढे जायचं. म्हणून हे नाव. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

"बांध," मामंजी शेवटी म्हणाले. "बांध फोडायचा म्हणता."

"फोडायचा नाही हो काका. दोन ठिकाणी कापायचा फक्त. भरतीचं पाणी आत जाईल, ओहोटीला बाहेर येईल..."

"दोनच ठिकाणी सुरी घालतो म्हटलं की पोटाला बरं वाटतं का बाई?"

चमचा बशीत पडला. मामंजी उठले, दारामागचं फावडं घेतलं, खांद्यावर टाकलं आणि चहा तसाच ठेवून बाहेर पडले. कुठे जाणार, ते सांगायची गरज नव्हती. दुखलं-खुपलं, कुणाशी बिनसलं, जेवण अंगी लागलं नाही, सगळ्यावर त्यांचा इलाज एकच होता. बांधावर जायचं.

"मी चुकीचं बोलले का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. बरोबर बोललात, म्हणून तर गेले," धाकटी म्हणाली आणि तिने तो गार चहा उचलला.

बांध होता कोळंबीच्या तळ्याचा. तळं आता नावालाच. मध्यभागी हिरवट डबकं आणि भोवती भेगाळलेली, मीठ फुललेली जमीन. पण एके काळी त्याच तळ्याने या घरावर पत्रा चढवला होता, दोन मुलांना शाळेत घातलं होतं. त्याच्याही आधी तिथे खारफुटी होती. मामंजींनी आणि सासूबाईंनी ती तोडली, खणलं, घमेल्याने चिखल वाहिला आणि भोवती बांध घातला. कोळंबी आली तशी काठावरच्या सगळ्यांनीच खारफुटी तोडली, सगळ्यांनीच तळी खणली. काही वर्षं जो तो नोटांच्या गोष्टी करत होता. मग कोळंबीवर पांढरे ठिपके पडायचा रोग आला आणि एकेक तळं बसत गेलं. नुसती तळी गेली असती तरी निभलं असतं. पण खाडीतली मासळीही आटली, कारण माशांची पिल्लं ज्या मुळांच्या आडोशाला वाढायची ती मुळंच राहिली नव्हती. वादळात लाटा थेट रस्त्यापर्यंत यायला लागल्या. मामंजींचा थोरला मुलगा बायकोला घेऊन लांबच्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. धाकटा, म्हणजे मुंगीचा बाबा, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत लागला.

बाकीच्यांचे बांध कधीच ढासळले. मामंजींचा मात्र जसाच्या तसा उभा होता. रोज सकाळी फेरी, रोज डागडुजी. खेकड्याने भोक पाडलं की गोणपाट दुमडून आत दाबायचं, वर चिकणमाती, वर पाय. उघाडीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या लाकडी दाराचं, तेलपाणी वेगळंच. आत राखण्यासारखं काही नसलेल्या तळ्याची एवढी राखण बघून लोक हसायचे. धाकटी हसायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्यामागून बांधावर चालताना तिला जे कळलं, ते हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. मामंजींसाठी बांधाला टप्पे होते. इथे तुझ्या नवऱ्याचं पहिलं पाऊल पडलं. इथे डोहाळे लागलेल्या तुझ्या सासूने घमेलं टाकून दिलं आणि म्हणाली, आता बोलावलंत तर बघा. आणि ते तिकडचं वळण, राखणीच्या खोपटीजवळचं, ते रुसव्याचं. तिथे सासूबाई एकदा दिवसभर रुसून बसल्या होत्या.

"कशावरून रुसल्या?" धाकटीने विचारलं होतं.

"तेच तर सांगितलं नाही तिने. आता कोणाला विचारू?"

धाकटीने सासूबाईंना फक्त फोटोत पाहिलं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत तोच विषय. पन्हळी पत्र्याच्या सावलीत बायका काळ्या पिशव्यांत चिखल भरत होत्या, एकेका पिशवीत खारफुटीची एकेक शेंग उभी खोचत होत्या. धाकटीचं कामही हेच. लावलेल्या रोपामागे पैसे मिळायचे. आता रोपं लावायची कुठे, तर ज्या जमिनीला मालक नाही तिथे, म्हणजे खाडीच्या उघड्या चिखलात, पार खाली. कोणाची परवानगी नको, कोणाशी भांडण नको. पण तिथे पाणी फार वेळ राहायचं. कोवळी रोपं बुडून गुदमरायची, उरलेल्यांच्या अंगाला धारदार शिंपले चिकटायचे. पावसाळा सरेपर्यंत सगळं साफ. मग पुढच्या वर्षी पुन्हा पिशव्या, पुन्हा शेंगा, पुन्हा मजुरी. तीन वर्षं असं चाललं होतं. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांच्या सोयीचं होतं.

"जगू नका हं बायांनो," मावशी दरवर्षी रोप चिखलात खोचताना त्याच्याशी बोलायची, "तुम्ही जगलात तर आम्ही काय खायचं?"

मावशी तिथली सगळ्यात जुनी. तिची जीभ सगळ्यांच्या पुढे चालायची. आज ती धाकटीकडे बघून म्हणाली, "काय गं, आमची पोटं म्हणे तुझ्या सासऱ्याच्या बांधावर येऊन अडकली?"

"मला कशाला विचारता? बाईंना विचारा."

बाई तिथेच होत्या. काठी भिंतीला टेकवून त्या खाली बसल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तीन वर्षांची लागवड वाया गेली, पैसे देणारे विचारताहेत, आणि विचारणारच. खारफुटी लावावी लागत नाही. योग्य उंचीच्या जमिनीवर भरतीचं पाणी खेळलं की शेंगा वाहून येतात आणि आपापल्या रुजतात. ती उंची आहे जुन्या तळ्यांची. इथल्या तळ्यांपैकी मालक सापडतो, कागद सरळ आहेत आणि वाद नाही, असं एकच आहे. तिथे पाणी सोडलं तर प्रकल्प मालकाला दरवर्षी भाडं देईल. झाडं उभी आहेत तोवर.

"झाडं उभी राहण्याचं भाडं?" मावशीने हात कमरेवर ठेवले. "मी पण उभीच असते हो दिवसभर. मला लावा की थोडं."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. पण हसणं ओसरल्यावर मावशीनेच विचारलं, "म्हणजे बांध कापला तर शेंगा आपल्या आपण येणार, आमचं काम गेलं. नाही कापला तर प्रकल्प गेला, आमचं काम गेलं. आम्ही जायचं ते दोन्हीकडून ठरलेलंच."

धाकटी शेंग हातात धरून तशीच थांबली. "राखण लागेल ना बाई?" तिने विचारलं. "शेंगा आल्या तरी बकऱ्या येतील, सरपणाला लोक येतील. वाहून आलेली जाळी अडकतील, ती काढावी लागतील. दरवर्षी मोजायलाही कोणीतरी हवं."

"लागेलच. पण त्याचा खर्च त्या भाड्यातूनच निघायचा. किती द्यायचा, कोणाला द्यायचा, ते मालकाने ठरवायचं."

म्हणजे सगळ्या वाटा फिरून मामंजींपाशीच.

"आणि उत्तर केव्हा हवं?"

"येत्या उधाणाच्या आधी. शेंगा आता गळायला लागल्यात. हा हंगाम चुकला तर प्रकल्प पलीकडच्या काठाला जाईल. माझ्या हातात नाही ते."

पलीकडच्या काठाच्या बायकाही अशाच कुणाच्या तरी मावश्या असतील, असं धाकटीच्या मनात आलं. पण ते तिने मनातच ठेवलं, कारण तिच्या मनात त्याहून मोठं काहीतरी ठाण मांडून बसलं होतं. भाडं म्हणजे काही घबाड नव्हतं. पण बुडणारं नव्हतं. ते भाडं आणि राखणीची मजुरी मिळून घर चाललं असतं, आणि मग मुंगीच्या बाबाला जहाजाचा पुढचा करार करावा लागला नसता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मुंगीने पडद्यावरच्या बाबाचा पापा घेतला आणि फोनला लाळ लावली. मग त्याला कोपऱ्यात नेऊन आपली बाहुली दाखवली, बाहुलीचा ताप दाखवला, बाहुलीला ताप का आला ते सांगितलं. हल्ली ती बाबा म्हटलं की फोनकडे धावायची, दाराकडे नाही. धाकटीला हे बघवत नसे.

"तू विचार ना त्यांना," ती फोन हातात आल्यावर म्हणाली. "तुझे वडील आहेत."

"म्हणूनच नाही विचारत. अगं, आईने सात महिन्यांचं पोट घेऊन त्या बांधाला माती घातली. त्या पोटात मी होतो. मी कोणत्या तोंडाने सांगू की कापा?"

"मग मी सांगू?"

"तुझं ऐकतील ते."

"ऐकतील, म्हणूनच तर भीती वाटते."

खरंच होतं ते. मामंजी तिचं ऐकायचे. ती म्हणाली असती, मामंजी, माझ्यासाठी एवढं करा, तर त्यांनी केलं असतं आणि मग रोज सकाळी फावडं खांद्यावर घेऊन कुठे जायचं ते त्यांना सुचलं नसतं. तिने काही विचारलं नाही.

* * *

त्याच आठवड्यात मामंजींचा गुडघा धरला. दोन दिवस झोपून राहायला सांगितलं डॉक्टरने. मामंजींचा जीव बांधावर. झोपल्या जागेवरून दाराकडे बघायचे.

"मी मारते फेरी," धाकटी म्हणाली.

"तुला नाही जमायचं."

"तुम्हीच शिकवलंय की."

ती मुंगीला घेऊन गेली. ओहोटी होती. एक-दोन बारीक भोकं होती, ती तिने बुजवली. रुसव्याच्या वळणावर मात्र ती थबकली. कोसळलेल्या खोपटीच्या मागे, बांधाच्या अगदी पायथ्याला चांगलं मुठीएवढं भोक होतं. आजचं-कालचं नव्हे, कडा गुळगुळीत झालेल्या, आतून पाण्याची वाट पडलेली. एवढं मोठं भोक मामंजींना दिसलं नाही? रोज इथून जाऊन?

तिला भरून आलं. म्हणजे डोळे गेले म्हातारबाबांचे. आणि कोणाला सांगितलंही नाही. हे असंच राहिलं तर एखाद्या मोठ्या भरतीला इथे खांड पडेल, बांध आपोआप फुटेल आणि मामंजींना वाटेल की आपल्या नजरचुकीने गेला. ते त्यांना सहन होणार नाही. तिने गोणपाट घेतलं, मामंजींनी शिकवल्याप्रमाणे तीनदा दुमडलं, शिवण आतल्या बाजूला ठेवून भोकात दाबलं, वर माती थापली, टाचेने चेपली. आतल्या बाजूला खोपटीच्या सावलीत काही हिरवं होतं, पण तिकडे बघायला सवड नव्हती. पाणी चढायला लागलं होतं.

"आजोबांना सांगायचं नाही हं," तिने मुंगीला बजावलं.

"का?"

"आजोबांना वाईट वाटेल."

मुंगीने तोंडावर बोट ठेवलं. गुपित सांभाळायचं म्हटलं की ती फुगायची आणि दिवसभर फुगलेलीच राहायची.

मामंजी उठून बांधावर जायला लागले आणि घरातलं काहीतरी बिघडलं. जेवताना ते मध्येच थांबत.

"सकाळची गोळी मी घेतली का गं?"

"घेतलीत की. माझ्यासमोर."

"आणि रात्री दाराची कडी? मी लावली की तू?"

"तुम्ही. रोज तुम्हीच लावता."

"हं," म्हणून ते पुन्हा घास घ्यायचे, तो हातातच राहायचा. एकदा त्यांनी मुंगीला जवळ घेऊन तिचं पूर्ण नाव म्हणून बघितलं, मग मुलाचं, मग सुनेचं, मग सासूबाईंचं. सगळी बरोबर आली तरी चेहरा उतरलेलाच.

धाकटीला वाटलं, बाईंच्या त्या बोलण्याने पोखरलंय यांना. विचारलं कोणीच नाही, पण विचारल्यासारखं घरभर पसरलंय. तिने रात्रभर कूस बदलली. सकाळी कामावर गेल्या गेल्या तिने बाईंना बाजूला घेतलं.

"मामंजींच्या तळ्याचं राहू द्या बाई. तुम्ही पलीकडे जा."

"काकांनी सांगितलं?"

"मी सांगतेय. त्यांना पुन्हा विचारू नका. झिजताहेत ते."

बाईंनी काठी खाली ठेवली. "तुमचा नवरा यायचा होता ना यामुळे?"

धाकटी म्हणाली, "यायचा होता," आणि पिशव्यांच्या ढिगाकडे वळली. पिशवीत चिखल भरताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळलं. मावशीने ते बघितलं आणि चेष्टा न करता आपल्या भरलेल्या चार पिशव्या तिच्या ढिगात सरकवल्या.

* * *

दुपारी शाळेतून मुंगीला घेऊन येताना धाकटीला बांधावर मामंजी दिसले. हातात फावडं नव्हतं. बादली होती. खाडीतून बादली भरायची, दुखऱ्या गुडघ्याने बांध चढायचा, पलीकडे उतरून ओतायची, पुन्हा परत. ऊन भाजत होतं.

"मामंजी! हे काय?"

ते दचकले. बादली कलंडली. मग चोरी पकडल्यासारखे खोपटीच्या वाशावर बसले. आणि धाकटीला आता कुठे दिसलं, खोपटीच्या आडोशाला काय हिरवं होतं ते. खारफुटीची रोपं. पाच-सहा. रोपवाटिकेतल्यासारखी हडकुळी नव्हेत. गुडघ्याच्या वर आलेली, जाड पानांची, खोडाला खालून मुळांचे पाय फुटलेली. फक्त पानं आता पिवळी पडत होती आणि माती तडकली होती.

"पोरी," मामंजी म्हणाले, "मला विसरायला होतंय."

"काय विसरलात?"

"तिथे एक भोक होतं. बघ, त्या पायथ्याला. ते मी मुद्दाम ठेवलं होतं. दोन वर्षं. पहिल्या वर्षी एक शेंग आत आली त्यातून. उपटायला म्हणून वाकलो. तर वाकलेलाच राहिलो, हात काही पुढे जाईना. म्हटलं, राहू दे एक. मग दुसरी आली. मग भोक बुजवायचं आज, बुजवायचं उद्या..." त्यांनी डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे. "लोक काय म्हणतील? जन्मभर भोकं बुजवणारा माणूस, आणि एक भोक पाळून ठेवलंय, कुत्र्या-मांजरासारखं. म्हणून कोणाला सांगितलं नाही."

धाकटीची नजर पायथ्याला आपण थापलेल्या मातीकडे गेली.

"आणि आता बघतो तर बुजलेलं. काम माझ्याच हातचं. गोणपाट तीनदा दुमडलेलं, शिवण आत. असं नेटकं तुलाही जमत नाही, आणि तू तर बारीक भोकंच बुजवली म्हणालीस. म्हणजे मीच येऊन बुजवलं आणि मला आठवत नाही. उघडायलाही हात धजेना, वाटलं, काही कारणानेच बुजवलं असेन. आज भोक विसरलो. उद्या या पोरीला विसरेन." त्यांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला.

धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात मुंगी, जी इतके दिवस फुगून बसली होती, ती फुटली.

"आजोबा, ते भोक आईने नाही बुजवलं!"

मामंजी तिच्याकडे वळले.

"कोणी नाही बुजवलं?" मामंजींनी हळूच विचारलं.

"आईने. आणि मी पण नाही नाचले त्याच्यावर."

मामंजींनी सुनेकडे बघितलं. सुनेने मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्हाला दिसलं नाही. मला वाटलं, तुमचे डोळे... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

आधी त्यांचे खांदे हलले. मग आवाज आला. धाकटीने त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. ठसका लागला, तरी हसत होते. मुंगीही हसली, कशाला ते न कळता. आणि शेवटी धाकटीही, रडता रडता.

"म्हणजे डोकं ठीक आहे माझं!"

"ठणठणीत आहे."

"आणि गोणपाट इतकं छान दुमडतेस तू? मला कधी सांगितलं नाहीस." त्यांनी गुडघ्यावर हात रोवला आणि उठले. बोटांनी माती उकरली, गोणपाट ओढून काढलं. बाहेर पाणी चढलं होतं. आधी बुडबुडे आले, मग गढूळ धार आत शिरली आणि रोपांच्या मुळांशी जाऊन पसरली. मामंजी वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते.

"त्या मापवालीला बोलाव," ते म्हणाले.

"मी... मी त्यांना नको म्हणून सांगितलं, मामंजी. आज सकाळीच."

"कोणाला विचारून?"

"तुमच्यासाठी म्हणून."

"माझ्यासाठी, माझ्यासाठी! अगं, माझ्यासाठी म्हणून आधी भोक बुजवलंस, आता हे. आणखी काही केलं नाहीस ना माझ्यासाठी? जा, पळ."

ती पळाली. चिखलाच्या पायांनी रस्ता ओलांडला, धक्क्यावर पोचली तेव्हा बाई काठी घेऊन होडीत चढत होत्या. धाकटीला धाप लागलेली. तिने नुसतीच काठी धरली आणि सोडलीच नाही.

"काका स्वतः म्हणाले?" बाईंनी तीन-तीनदा विचारलं.

"स्वतः."

* * *

मामंजींनी अटी घातल्या. यंत्र आणायचं नाही, कापायचं ते हाताने आणि मी सांगेन तिथून. भाड्यातला अर्धा वाटा राखणीच्या बायकांना. मावशीला आधी.

"अर्धा फार होतो काका," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "घरात उरेल थोडंच."

"बाई, झाडांच्या आडोशाला मासळी येणार ती काय फक्त माझ्या ताटात येणार? लाटा अडणार त्या काय फक्त माझ्या दारात? सगळ्यांचं काम करायचं तर सगळ्यांनी राखायला नको? एकट्याने राखायला किती जीव जातो, ते या बांधावर बघितलंय मी."

"आणि तीस वर्षं तिथे बांध घालता येणार नाही. हे नीट ऐका. तुमच्यानंतर तळं ज्यांच्याकडे जाईल त्यांनाही नाही."

"मी कसला घालतोय आता," म्हणून मामंजींनी, मुंगी मांडीवर असतानाच, सही केली.

उधाणाच्या सकाळी बायका फावडी घेऊन आल्या. मावशीने पदर खोचला होता. "चला, जन्मभर मेलेली रोपं लावली, आता जिवंत बघू." मामंजींनी पहिलं फावडं रुसव्याच्या वळणावर मारलं. मातीचा पहिला लगदा त्यांनी खाली टाकला नाही. हातात घेतला, दाबून बघितला आणि मग अलगद बाजूला ठेवला.

"तिला काय राग आला होता तो आता पाण्याबरोबर जाईल," ते धाकटीला म्हणाले. "निदान मला तसं वाटू दे."

जहाजावरून मुंगीचा बाबा फोनवर बघत होता. धाकटीने फोन उंच धरला होता. कापलेल्या जागेतून पाणी आलं तेव्हा आधी जरा चाचपडलं, मग एकदम ढकललं गेल्यासारखं घुसलं. भेगाळलेली जमीन काळी होत गेली. पाण्यावर शेंगा होत्या, तरंगत, आडव्या-तिडव्या, काही फेसात अडकलेल्या. बायका ओरडल्या. धाकटीने पडदा आपल्याकडे वळवला. तो तोंडावर हात ठेवून बसला होता.

"ऐकतोयस?"

"पुढचा करार मी करत नाहीये," तो म्हणाला. "दादांना सांग. नको, मीच सांगतो, येऊन."

दादा म्हणजे मामंजी. ते कापाच्या पलीकडच्या टोकाला राहिले होते. मध्ये पाणी. बांधाची फेरी आता पुरी होणार नव्हती, आणि ते तिथे उभे राहून ते पाणी बघत होते, फावड्यावर हनुवटी टेकवून. बरे दिसत होते. थकलेले, पण बरे.

धाकटी उकरलेल्या मातीच्या ढिगावर बसली. मुंगी तिच्या पायाशी, कोपरापर्यंत चिखलात. बाजूला पडलेला ओला लगदा घेऊन तिने कापाच्या कडेच्या एका बारीकशा ओघळापुढे भिंत घातली होती. ओघळ अडला की टाळ्या पिटायची, फुटला की पुन्हा घालायची. तीनदा फुटली. चौथ्यांदा तिने पानाचा तुकडा दुमडून आत दाबला, वर माती थापली, टाचेने चेपली, आणि भिंत टिकली.

"बघ!" ती म्हणाली.

"छान जमली," धाकटी म्हणाली.

मुंगीने आपल्या भिंतीकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग पलीकडे उभ्या असलेल्या आजोबांकडे. मग आईच्या गुडघ्यावर दोन्ही चिखलाचे हात ठेवून तिने विचारलं,

"आई, मी मोठी झाले ना, की मला इथे खरा बांध घालायचाय. मला कोण नको म्हणणार?"